मासे धरायलाही कॉलेज लागते का?

(बी.ए. भाग २)

"मासे धराले बी कालेज लागते काय व बाई?"

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आजीने मला असे विचारले. त्या वेळी मी ओसरीत नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयाची माहिती वाचत बसले होते आणि आजी समोर फाटलेले जाळे दुरुस्त करीत होती. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. जे काम तिने आठव्या वर्षी आपल्या बापाच्या मागे पाण्यात उतरून शिकले, त्यासाठी कोणी चार वर्षे वर्गात बसते, ह्याचे तिला खरोखरच नवल वाटले होते. मी तिला तेव्हा धड उत्तर देऊ शकले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे. तो कितपत साधला हे प्राध्यापकांनी आणि माझ्या वर्गबंधू-भगिनींनी ठरवावे.

आमचे घर भोयांचे. पूर्वी पालख्या वाहणे आणि मासे धरणे ही दोन्ही कामे भोई करीत. पालख्या गेल्या, मासे राहिले. दिग्रस तालुक्यात अरुणावती नदीवर जे धरण आहे, त्याच्या जलाशयाच्या काठी आमचे गाव आहे. बाबा मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासद आहेत. आई बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन दिग्रसला जाते. घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. हे सांगण्यात कौतुक करून घेण्याचा हेतू नाही. पुढे जे लिहायचे आहे ते कोणत्या काठावर उभे राहून लिहिले आहे, एवढे वाचकांना कळावे म्हणून सांगितले.

प्रथम ह्या शिक्षणाची माहिती देते, कारण आपल्या महाविद्यालयात ती फारशी कोणाला नाही असे मला विचारपूस करताना आढळले. मत्स्य विज्ञानाची पदवी, म्हणजे बी.एफ.एस्सी., चार वर्षांची असते. तिच्यासाठी बारावी विज्ञान शाखेतून व्हावी लागते आणि प्रवेश-परीक्षा द्यावी लागते. पुढे दोन वर्षांची एम.एफ.एस्सी. आणि त्यानंतर पीएच.डी. भारतातील असे पहिले महाविद्यालय मंगळूरला १९६९ साली निघाले. महाराष्ट्रात दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून आहे. गोड्या पाण्याच्या आपल्या भागासाठी नागपूर आणि उदगीर येथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये आहेत. त्यांपैकी नागपूरचे तेलंखेडी भागात आहे. उच्च शिक्षणाचे मोठे ठिकाण म्हणजे मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. ती १९६१ साली स्थापन झाली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मध्य प्रदेशात पवारखेड्याला तिचे गोड्या पाण्याचे केंद्र आहे. तेथे मत्स्यसंवर्धन, माशांचे रोग, पाण्याचे पर्यावरण, मासे टिकवण्याचे तंत्र असे विषय तर आहेतच, पण मत्स्य अर्थशास्त्र आणि विस्तार शिक्षण हेही आहेत. हे दोन शब्द वाचल्यावर माझी नजर तेथेच थांबली.

परंतु माझ्यासाठी तो दरवाजा बंद आहे. एम.एफ.एस्सी.ला बी.एफ.एस्सी. लागते, बी.एफ.एस्सी.ला बारावी विज्ञान लागते, आणि मी अकरावीला कला शाखा घेतली. 'घेतली' म्हणण्यापेक्षा मिळाली म्हणणे बरोबर. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा नव्हती, आणि जेथे होती तेथे जाणारी बस पहाटे सुटत असे. त्या वयात, मासे हा काही शिकण्याचा विषय असतो, हे मला सांगणारे कोणी भेटले नाही. मलाही तसे वाटले नव्हते. मासे म्हणजे घरचे काम होते, आणि शिक्षण म्हणजे त्या कामातून सुटका. दहावीच्या निरोप-समारंभात आपल्या हातांना माशांचा वास तर येत नाही ना, म्हणून मी हात ओढणीखाली घेऊन बसले होते, हेही येथे कबूल करते.

आता गंमत पाहा. ज्या शास्त्राचा दरवाजा माझ्यासाठी बंद, त्याच शास्त्राचा पाया मला अर्थशास्त्राच्या तासाला भेटला. सामाईक मालमत्तेचा विषय चालला असता सरांनी एच. स्कॉट गॉर्डन ह्या कॅनडातील अर्थशास्त्रज्ञाचे नाव घेतले. त्याचा १९५४ सालचा प्रसिद्ध निबंध मासेमारीवरच आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. जे पाणी कोणाचेच नाही आणि सर्वांचे आहे, तेथे एकाला फायदा दिसला की दुसरा जाळे घेऊन येतो, मग तिसरा येतो, आणि हे येणे कोठे थांबते? तर सगळ्यांचा नफा शून्यावर आला म्हणजे. मासे कमी झालेले असतात, माणसे वाढलेली असतात आणि कोणाच्याच घरी काही उरत नाही. म्हणून कोळी गरीब असतो तो आळशी किंवा अडाणी असल्यामुळे नव्हे. पुढे १९६८ मध्ये गॅरेट हार्डिनने हाच विचार गायरानाचा दाखला देऊन मांडला आणि तो जगभर गाजला. हार्डिनच्या लेखावरून पुष्कळांनी असा निष्कर्ष काढला की, सामाईक वस्तू टिकवायची तर ती सरकारने ताब्यात घ्यावी नाही तर एका मालकाच्या हवाली करावी.

ह्याला उत्तर देणारी बाई अमेरिकेची, एलिनॉर ऑस्ट्रॉम. १९९० सालच्या आपल्या ग्रंथात तिने निरनिराळ्या देशांतील मासेमारीची पाणी, कालवे, कुरणे ह्यांचे दाखले देऊन सांगितले की, वापरणारी माणसे आपसांत नियम करतात, पाळतात, मोडणाऱ्याला दंडही करतात, आणि अशा काही व्यवस्था शेकडो वर्षे टिकलेल्या आहेत. २००९ साली तिला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री. तिचे मूळ शिक्षण राज्यशास्त्राचे होते, हे वाचून मला किती धीर आला ते सांगता येत नाही.

आता 'टिकाऊ मासेमारी' म्हणजे काय, हा मुख्य प्रश्न. जीवशास्त्रज्ञांचे जुने सूत्र समजायला अवघड नाही. तळ्यात मासे अगदी थोडे असले तर पिल्ले थोडी होतात, म्हणून वाढ थोडी. तळे माशांनी गच्च भरलेले असले तर खाणे पुरत नाही, म्हणून तेव्हाही वाढ थोडीच. मधे कोठे तरी, साध्या गणिताप्रमाणे निम्म्या भरतीला, वाढ सर्वांत जास्त असते. तेवढीच वाढ दरवर्षी काढावी आणि मुद्दल पाण्यात राहू द्यावे. सावकारी व्याजासारखे हे गणित आहे, फक्त येथे सावकार पाणी आहे. कागदावर ते सुंदर दिसते. अडचण एवढीच की, मुद्दल किती हे कोणाला दिसत नाही. बाबांना मी हे गणित समजावून सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "ढोरं मोजता येते, झाडं मोजता येते. पान्यातला मासा कोन मोजला बाप्पा?"

बाबांची ही शंका पोरकट नाही. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याला न्यूफाउंडलंड नावाचे बेट आहे. तेथे कॉड नावाचा मासा शतकानुशतके एवढा निघे की त्यावर गावेच्या गावे वसली. तेथील शास्त्रज्ञ मोठे विद्वान, सरकार श्रीमंत, मोजमापाची साधने उत्तम. तरीही साठा आहे त्याहून मोठा समजला गेला. किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून मासेमारी करणारे लोक ऐंशीच्या दशकातच सांगत होते की, मासा लहान येतो आहे, कमी येतो आहे. खोल समुद्रातल्या मोठ्या जहाजांना मात्र अजून भरपूर मिळत होता, कारण उरलेला मासा एकत्र जमतो आणि यंत्राने तो शोधता येतो. शेवटी २ जुलै १९९२ रोजी सरकारला मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला. व्यापारी मासेमारीवरील ती बंदी पुरी उठायला २०२४ साल उजाडले, आणि उठल्यावरही धरता येणारा मासा मोजकाच होता. पदव्या असूनही हे घडले. म्हणून आजीचा प्रश्न मी वाऱ्यावर सोडत नाही. कॉलेजात शिकलेल्याने काठावरच्या माणसाचे ऐकले नाही तर काय होते, त्याचे हे उदाहरण आहे.

आपल्या जलाशयांची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. बाबा ज्या माशांवर जगतात ते कटला, रोहू आणि मृगळ. हे मूळचे वाहत्या नद्यांचे मासे. पुराच्या पाण्यात अंडी घालणारे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा विणत नाहीत. म्हणून एके काळी त्यांचे बीज बंगालकडच्या नद्यांतून गोळा करून दूरवर पाठवावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी ह्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क काढून तो मादीला टोचला आणि बंदिस्त पाण्यात तिच्याकडून अंडी घालून घेतली. आज देशात जी तळ्यांतली मासेशेती दिसते तिची सुरुवात त्या टोचणीत आहे. १० जुलै हा दिवस म्हणूनच राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. आमच्या गावात तो कोणालाच ठाऊक नव्हता. ह्या वर्षी मी संस्थेच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवला.

तेव्हा आमच्या पाण्यात व्याजाचे गणित चालत नाही. तेथे दरवर्षी मुद्दलच टाकावे लागते. संस्था तळ्याचा ठेका घेते, बीज विकत घेते, पाण्यात सोडते, आणि किती निघेल ते तीन गोष्टींवर ठरते: किती सोडले, किती जगले, आणि काढताना किती वाढलेले होते. ह्यांतली मधली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित. मत्स्यजिरे म्हणजे नुकतेच फुटलेले बीज स्वस्त मिळते आणि लाखांनी मोजले जाते. बोटुकली, म्हणजे बोटाएवढे झालेले पिल्लू, महाग पडते. सभेत लाखाचा आकडा ऐकायला बरा वाटतो. पण मोठ्या जलाशयात मरळ, वाम आणि पाणकावळे वाट पाहत असतात. तेथे जिरे सोडणे म्हणजे त्यांना जेवण घालणे. शास्त्र सांगते की मोठ्या पाण्यात बोटुकलीच सोडावी, आणि त्यासाठी काठाशी लहान तळी करून पिल्ले वाढवावीत. आमच्याकडे ह्यावरून दोन वर्षे वाद चालला आहे. वाद माशांचा दिसतो, पण खरोखर तो पैशांचा आणि विश्वासाचा आहे. वर्गणी आज भरायची, पीक दीड वर्षाने, आणि रात्री चोरून जाळे टाकणारा कोण हे सर्वांना माहीत असून कोणी बोलायचे नाही! ह्यात जीवशास्त्र किती आणि समाजशास्त्र किती, हे वाचकांनीच पाहावे.

तीच गोष्ट जाळ्याच्या आसाची. आस म्हणजे जाळ्याच्या एका घराचे माप. बारीक आसाचे जाळे पावशेराचा कटलाही सोडत नाही. तोच मासा आणखी काही महिने पाण्यात राहिला तर किलोच्या पुढे जातो, भाव चांगला येतो. हे समजत नाही असा एकही भोई मी पाहिलेला नाही. पण आज घरात पीठ नसले तर पुढच्या होळीच्या किलोभर कटल्याचा काय उपयोग? आणि आपण सोडला तर दुसरा धरणार नाही ह्याची हमी कोण देतो? गॉर्डनने १९५४ साली लिहिले ते आमच्या काठावर दररोज संध्याकाळी घडते.

देशी माशांविषयी मात्र माझे मन जास्त हळवे आहे, हे कबूल करते. मृगाच्या पहिल्या पावसात ओढे-नाले वाहू लागले की मासे प्रवाहाच्या उलट चढतात. हे चढणीचे मासे. त्यांच्या पोटात अंडी असतात. सारे गाव काठ्या, टोपल्या, मच्छरदाण्या घेऊन धावते आणि दोन दिवसांत त्या वर्षीची पैदास संपते. मीही लहानपणी धावले आहे, ती मजा मी विसरलेली नाही. मरळीचे आणखी वाईट. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते. तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला की खाली आईबाप असणार हे धरणाऱ्याला कळते, आणि तेथेच गळ पडतो. आजी म्हणते, तिच्या लहानपणी पिल्लांवरची मरळ धरणाऱ्या माणसाला तिचा बाप चार लोकांत बोलत असे. तो नियम कोठे लिहिलेला नव्हता. ऑस्ट्रॉमबाईंना तो नक्की आवडला असता.

ह्या देशी माशांची नावे कशी जपली गेली त्याची एक हकीकत मला वाचनात आढळली. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनमध्ये होता. त्याने येथील माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले, आणि नावे देताना येथील लोकांच्या तोंडचीच नावे उचलून त्यांना लॅटिन वेष दिला. त्यामुळे आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत 'लेबिओ पोटेल' आणि 'टॉर खुद्री' अशी नावे आहेत. खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने सत्तरच्या दशकापासून ह्याच माशाची पैदास करून बीज ठिकठिकाणी पाठवले. कोण्या भोयाने किंवा कोळ्याने साहेबाला नावे सांगितली असतील, त्याचे स्वतःचे नाव मात्र कोठे आले नाही.

ज्यांनी असे ज्ञान पुन्हा कामी आणले त्यांचे उदाहरण आपल्या विदर्भातच आहे. भंडारा-गोंदिया भागात गोंड राजांच्या काळापासून, विशेषतः कोहळी समाजाने बांधलेले, हजारो मालगुजारी तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, देखरेख सुटली. गाळ साचला, बेशरमची झाडे माजली, आणि बाहेरून आणलेल्या माशांनी देशी माशांची जागा घेतली. गवत्या मासा वनस्पती खातो, सायप्रिनस तळ उकरून झाडे मुळासकट काढतो. मग ज्या पाणवनस्पतींत देशी मासे अंडी घालीत त्या राहात नाहीत. श्री. मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील ढिवर लोकांना बरोबर घेऊन बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला, कोणती वनस्पती कोणत्या माशाला लागते हे ढिवरांनाच विचारून ती लावली, आणि देशी मासे परत आणले. त्यात ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. मासे धरण्याचे काम पुरुषांचे आणि विकण्याचे बायकांचे असे आमच्याकडे आहे, सभासद-यादीत मात्र पुरुषच. आईचे नाव संस्थेच्या कोणत्याही कागदावर नाही, आणि बाजारातला भाव मात्र तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही!

यवतमाळ जिल्ह्याचे म्हणून एक संकट आहे, ते कपाशीचे. २०१७ साली फवारणी करताना आपल्या जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, हे सर्वांना आठवत असेल. माणसाची ही गत, तर माशाची काय? कपाशीवर मारली जाणारी काही औषधे, विशेषतः पायरेथ्रॉइड गटातली, माशांना फार थोड्या मात्रेत मारक असतात. पावसाने ती वाहून ओढ्यात आणि तेथून तळ्यात येतात. ह्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे काही जण तेच औषध मुद्दाम डोहात ओततात आणि तरंगणारे मासे गोळा करतात. पाण्यात विष घालून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्याजवळच्या एका डोहात असे झाले. आम्ही गेलो तेव्हा बोटाएवढे झिंगे आणि वाम काठाला थरच्या थर लागले होते. कोणी केले ते कळले, तक्रार झाली नाही. करणाराही आमच्यातलाच, त्याच्या घरी आजारपण होते. त्या डोहात मी गेल्या उन्हाळ्यात पुन्हा पाहिले. बेडूक आले आहेत. वाम अजून दिसली नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. शेतीप्रमाणे वीज, कर्ज, विमा ह्यांच्या सवलती मिळाव्यात असा त्यामागचा विचार आहे. बाबा म्हणाले, "शेती झाली त ठीक हाय, पन आमचा सातबारा कोनता?" ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

सरांशी बोलल्यावर मी असे ठरवले आहे की, बी.ए. झाल्यावर अर्थशास्त्रात एम.ए. करावे आणि जमले तर तलावाच्या ठेक्यांवर आणि मच्छीमार संस्थांवर अभ्यास करावा. मासा चिरून त्याचे वय ओळखायला मला येणार नाही, ते नागपूरला शिकणारे करतील. ठेका कोणाला मिळतो, बीज कोण मोजतो, चोरीला दंड का होत नाही, आणि बायकांची नावे यादीत का नाहीत, हे विचारायला विज्ञान शाखा लागत नाही. त्यासाठी काठावर राहावे लागते, आणि तेथे मी एकोणीस वर्षे आहे.

जूनपासून मी एक शंभर पानी वही घातली आहे. रोज संध्याकाळी बाबा आले की कोणता मासा, किती नग, किती वजन, कोणत्या आसाचे जाळे, हे लिहिते. मी यवतमाळला असते तेव्हा धाकटा भाऊ लिहितो, त्याचे आकडे वाचायला त्रास होतो. पहिल्या दोन महिन्यांनंतर माझ्या लक्षात आले की वहीत एक मोठी चूक आहे. जो मासा बाजारात जातो तो लिहिला जातो, आणि जो आमच्या चुलीवर जातो तो कोणी लिहीतच नाही. देशी मासे बहुतेक चुलीवरच जातात, म्हणून वहीप्रमाणे पाहिले तर आमच्या पाण्यात मरळ जवळजवळ नाहीच. आजीला हे सांगितले. आता ती रोज रात्री भांडे खाली ठेवण्याआधी मला हाक मारते आणि काय शिजवले ते नावानिशी सांगते. त्यांतली चार नावे मी आजवर कोणत्याही पुस्तकात पाहिलेली नाहीत.